साष्टीच्या वाटेवरचा चित्रकार



ठाण्याचा इतिहास म्हटला की आपल्यापुढे काही ठरावीक प्रसंग उभे राहतात. पोर्तुगीजांचा अंमल, १७३७ साली चिमाजीअप्पांनी घेतलेली साष्टी, १७७४ च्या अखेरीस इंग्रजांच्या हाती गेलेला किल्ला, त्याच किल्ल्याच्या तुरुंगातून १८१६ साली झालेले त्रिंबकजी डेंगळ्यांचे पलायन आणि १८५३ च्या एप्रिलमध्ये बोरीबंदराहून येथवर आलेली आगगाडी. हे सगळे आपण शाळेत शिकलो आणि आपल्या मुलांनाही शिकवतो. पण याच ठाण्याशी एका चित्रकाराच्या मृत्यूची नोंद जोडलेली आहे, ती मात्र आपल्यापैकी फार थोड्यांच्या कानावर आलेली असेल. १७९५ सालच्या नोव्हेंबरात जेम्स वेल्स नावाचा एक स्कॉटिश चित्रकार साष्टीतील लेणी काढता काढता येथे वारला. आज आम्ही त्याच्याविषयी आणि त्याच्याबरोबर काम करणाऱ्या एका पुणेकर कारागिराविषयी बोलणार आहोत.

निसर्गचित्रकार म्हणजे मनाला येईल तेव्हा कागद-रंग घेऊन डोंगरावर जाणारा सुखी प्राणी, असा एक समज आहे. तो बहुतांशी खोटा आहे. झाड, पाणी आणि आभाळ यांच्या चित्राला गिऱ्हाईक नेहमीच कमी. माणसाला स्वतःचा चेहरा हवा असतो, आणि त्यासाठी तो पैसे मोजतो. त्यामुळे निसर्गाकडे ओढ असलेल्या चित्रकाराला आधी पुष्कळ चेहरे रंगवावे लागतात. मग कधीतरी, आयुष्याचा बराच भाग सरल्यावर, त्याला आपल्या डोंगराशी जाऊन बसता येते. वेल्सचे चरित्र म्हणजे या लांबच्या वाटेची कहाणी आहे. ती वाट शेवटी आपल्या येऊरच्या डोंगरापलीकडे, कान्हेरीशी येऊन थांबली, म्हणून तिच्याकडे आपण अधिक आपुलकीने पाहावे असे आम्हांस वाटते.

स्कॉटलंडच्या ईशान्येला समुद्रकाठी पीटरहेड नावाचे एक गाव आहे. तेथे १७४७ च्या सुमारास वेल्सचा जन्म झाला. त्याचे शिक्षण ॲबर्डीनच्या मारिशल कॉलेजात झाले. चित्रकला मात्र तो बहुतेक आपली आपणच शिकला. ॲबर्डीनमध्ये तो पत्र्याच्या तुकड्यांवर लहान लहान व्यक्तिचित्रे काढी आणि ती अगदी थोड्या पैशांत विकी. आपल्याकडे जत्रेत बसून फोटो काढून देणारे असत, त्यांच्यासारखाच हा धंदा. १७८३ च्या सुमारास तो लंडनला गेला. तेथील रॉयल अकॅडमीच्या प्रदर्शनांत त्याची चित्रे लागली, तीही व्यक्तिचित्रेच. लंडनमध्ये त्या काळी व्यक्तिचित्रकारांची वाण नव्हती. रेनॉल्ड्स आणि रॉम्नी यांच्यासारख्या नामांकितांच्या दारी गाड्यांची रांग लागे, तेथे पत्र्यावर हात बसलेल्या या स्कॉटिश माणसाला कोण विचारतो!

हिंदुस्थान हा अशा चित्रकारांचा त्या वेळचा आसरा होता. कंपनीचे अधिकारी, नवाब आणि राजे चित्रे काढवून घेतात व मोबदला चांगला देतात, अशी कीर्ती लंडनला पोहोचली होती. कंपनीची परवानगी काढून वेल्स निघाला आणि १७९१ च्या जुलै महिन्यात मुंबईस उतरला. तेव्हा त्याचे वय चव्वेचाळीसच्या आसपास होते. आज या वयात माणूस निवृत्तिवेतनाचे हिशेब मांडू लागतो. वेल्सने याच वयात नव्या देशात, नव्या उजेडात, पहिल्यापासून आरंभ केला.

आणि येथे एक चमत्कारिक गोष्ट घडली. तो आला होता चेहरे रंगवून पैसे मिळवण्यासाठी. पण मुंबई दिसताच त्याच्यातला दुसरा चित्रकार जागा झाला. १७९१ आणि १७९२ या दोन वर्षांत त्याने मुंबई बेट आणि त्याच्या आसपासचा मुलूख हिंडून देखावे टिपले. त्यांतील बारा देखावे पुढे इ. स. १८०० मध्ये लंडनला ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. मलबार टेकडी, माझगावचे बेलमाँट, महालक्ष्मीचा बांध, शीवचा किल्ला, घारापुरी अशी ही स्थळे आहेत. ही चित्रे पाहताना आजच्या मुंबईकराला आपले शहर ओळखू येत नाही. मोकळे आभाळ, ताडमाड, खाजणे आणि शांत पाण्यावर उभी असलेली गलबते. भराव घालून बेटे एकमेकांना जोडण्याचे काम तेव्हा नुकतेच कोठे सुरू झाले होते. मुंबईहून साष्टीत यावयाचे तर खाडी होडीने ओलांडावी लागे. शीवचा बांध एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी झाला. आपण ज्या मार्गाने रोज सकाळी डब्याला लोंबकळत कचेरी गाठतो, त्या मार्गावरची खाडी आणि टेकड्या मूळच्या कशा होत्या, याचा अंदाज बांधताना या माणसाच्या चित्रांचा मोठा आधार होतो.

पण देखाव्यांवर पोट भरत नव्हते. १७९२ साली वेल्स पुण्यास गेला. तेथे इंग्रजांचा वकील सर चार्ल्स मॅलेट १७८६ पासून होता. मुळा-मुठेच्या संगमावर त्याची वसाहत होती, तेथे वेल्सची सोय झाली. त्याच वर्षी महादजी शिंदे उत्तरेतून पुण्यास आले होते. दरबार भरात होता. सवाई माधवराव, नाना फडणवीस आणि महादजी या तिघांनाही प्रत्यक्ष पाहून वेल्सने रंगवले. सवाई माधवराव व नाना यांचे एकत्र चित्र आज लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीत आहे. पातळ शरीराचे, उभट चेहऱ्याचे, विचारात गढलेले नाना आपल्या डोळ्यांपुढे येतात, त्या प्रतिमेच्या मुळाशी वेल्सचा कुंचला आहे. उत्तर मराठेशाहीतील प्रमुख माणसे दिसायला कशी होती हे आपण जाणतो, त्याचे पुष्कळसे श्रेय या पत्र्यावर चित्रे काढणाऱ्या माणसाकडे जाते.

पुण्यात असतानाच त्याला गंगाराम भेटला. याचे पूर्ण नाव गंगाराम चिंतामण तांबट. नावावरूनच घराण्याचा धंदा कळतो. तांब्याच्या पत्र्यावर हातोडीचे ठोके देत भांडे घडवणारी ही जात. तिला आकाराचे ज्ञान उपजत असते. गंगाराम मूर्तीही घडवी आणि चित्रेही काढी. मॅलेटने त्याचा हात ओळखून त्याला वेल्स येण्यापूर्वीच कामाला लावले होते. पेशव्यांच्या शिकारखान्यातील गेंड्याचे १७९० सालचे त्याचे चित्र आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कलेच्या संग्रहात आहे. पर्वतीवर दक्षिणा वाटली जात असतानाचा देखावाही त्याने काढला आहे. टेकडी, देवळे आणि माणसांची दाटी ही सगळी एका नजरेत सामावून घेण्याचा त्याचा प्रयत्न त्यात दिसतो.

शनिवारवाड्यात पेशव्यांच्या आश्रयाने वेल्सने चित्रशाळा चालवली, असे सांगतात. तीत गंगाराम शिकला. युरोपियन पद्धतीचे यथादर्शन, म्हणजे जवळचे मोठे आणि दूरचे लहान दाखवण्याचे शास्त्र, तसेच छायाप्रकाशाने गोलाई आणण्याची रीत त्याने आत्मसात केली. तरी त्याच्या रेषेतला तांबटाचा ठामपणा गेला नाही. ज्याने आयुष्यभर धातूवर ठोका दिला, त्याची रेष पेन्सिलीतही कचरत नाही. मराठी माणसाने नव्या रीतीने काढलेल्या चित्रांची ही अगदी पहिली पाने आहेत, हे आपण ध्यानात ठेवले पाहिजे. मुंबईत जे. जे. कलाशाळा निघाली ती १८५७ साली, म्हणजे त्यानंतर साठ वर्षांहून अधिक काळाने.

आता लेण्यांकडे वळू. १७९३ साली थॉमस डॅनियल आणि त्याचा पुतण्या विल्यम हे सारा हिंदुस्थान रेखाटत मुंबईस पोहोचले. देखाव्यांच्या विद्येत ही जोडी त्या वेळी अव्वल होती. वेल्सने त्यांना घारापुरी, कान्हेरी, कार्ले ही ठिकाणे दाखवली. वेल्स स्वतः या कोरीव डोंगरांच्या असा काही नादी लागला होता की दरबारचे काम बाजूस सारून तो लेण्यांकडे धावे. गंगाराम बरोबर असे. दोघे मिळून मापे घेत, आराखडे काढीत, खांब मोजीत आणि मूर्तीचे रेखाटन करीत. पुढे वेरूळची पाळी आली, आणि तेथील कामाची टिपणे तयार झाली.

लेणे हा निसर्गचित्राचा विषय कसा, असे कोणी विचारील. आमचे उत्तर असे की सह्याद्रीच्या मुलखात डोंगर आणि लेणे यांची फारकत करताच येत नाही. दुसऱ्या देशात देऊळ जमिनीवर बांधतात. येथे ते डोंगराच्या पोटातून काढले. बाहेर पावसाने काळा पडलेला कडा, त्यावर गवत आणि करवंदीच्या जाळ्या. आत शिरावे तो थंडगार काळोख आणि खांबांच्या ओळी. उजेड दारापर्यंत येतो आणि तेथून पुढे मंदावत जातो. हा उजेड कागदावर उतरवणे ही कोणाही चित्रकाराची परीक्षाच आहे. व्यक्तिचित्रात गिऱ्हाइकाची मर्जी सांभाळावी लागते. कडा मात्र काही मागत नाही, आणि सूर्य एक घटका पुढे सरकला की तोच कडा निराळा होऊन बसतो.

१७९५ हे वर्ष वेल्सला कठीण गेले. मे महिन्यात त्याची पत्नी मार्गारेट वारली. घरी मुली होत्या. अशा वेळी एखादा माणूस गाशा गुंडाळून मायदेशी परतला असता. वेल्स पुन्हा साष्टीत शिरला. तिकडे पुण्यात २७ ऑक्टोबर १७९५ रोजी सवाई माधवरावांचा शनिवारवाड्यातून पडून अंत झाला, आणि ज्या दरबारावर वेल्सची उपजीविका अवलंबून होती तो दरबार एका दिवसात विस्कटला. इकडे पाऊस संपून साष्टीचे रान माजलेले, पाणथळीवर डासांचे मोहोळ. आज आपण विहार आणि तुळशी हे तलाव पाहतो. ते अनुक्रमे १८६० आणि १८७९ चे. तेव्हा त्या जागी नुसत्या दऱ्या आणि दाट झाडी होती. अशा हवेत कान्हेरीचे काम करता करता वेल्सला ताप भरला असे सांगतात. माधवरावांना जाऊन महिना होतो न होतो तोच, नोव्हेंबरात, त्यांचा चित्रकारही गेला. त्याचे वय अट्ठेचाळीसच्या घरात होते. ज्या विषयावर त्याचा खरा जीव होता, तो त्याला अवघी चार वर्षे लाभला.

पुढची हकीगत थोडक्यात सांगतो. वेल्सच्या टिपणांवरून थॉमस डॅनियलने वेरूळच्या लेण्यांचे चोवीस देखाव्यांचे पुस्तक १८०३ साली लंडनला काढले. मॅलेट आणि पेशवे यांच्यातील तहाच्या दरबाराचे मोठे चित्रही वेल्सच्या साहित्यावरून डॅनियलनेच पुरे केले. ते १८०५ साली रॉयल अकॅडमीत मांडले गेले आणि आज लंडनच्या टेट संग्रहालयात आहे. वेल्सची थोरली मुलगी सुझॅना हिचा विवाह १७९९ साली मॅलेटशी झाला. वेल्सच्या रोजनिशा आणि रेखाटने तिकडे जपली गेली, आणि त्यांबरोबर गंगारामची चित्रेही राहिली. गंगारामचे नाव मात्र विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अभ्यासकांनी ती बाडे उलगडली तेव्हा खऱ्या अर्थाने उजेडात आले. इतकी वर्षे त्याची चित्रे होती, पण पुण्यात त्याला ओळखणारे कोणी नव्हते.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. वेल्स कंपनीच्या छत्राखाली आला होता. ज्या साष्टीत तो हिंडला, ती साष्टी इंग्रजांनी मराठ्यांकडून वीस वर्षांपूर्वीच घेतली होती आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने पक्की केली होती. त्याचा आश्रयदाता मॅलेट हा पुण्यात बसून मराठी राज्याची नाडी पाहणारा मुत्सद्दी होता. मग हा मनुष्य आपला कोण लागतो? त्याचे कौतुक आपण का करावे?

या प्रश्नाला आम्ही बगल देणार नाही. ज्याच्या हाती मुलूख येतो, त्याला त्या मुलखाची चित्रेही हवी असतात. नकाशा आणि देखावा ही एका घरची भावंडे आहेत. मॅलेटला लेण्यांच्या चित्रांची हौस होती, त्यात ज्ञानाची आवड होती, तशीच सत्तेची ऐटही होती. पण चित्रकार कोणाचे मीठ खातो यावरून त्याच्या डोळ्यांचा सगळा हिशेब लागत नाही. तसे पाहिले तर गंगारामही मॅलेटचा पगार घेत होता, म्हणून पर्वतीचा देखावा काही परका होत नाही. वेल्सने कान्हेरीच्या कड्यापाशी घालवलेले दिवस कोणत्याही तहाच्या कामी आले नाहीत. आमचा खरा आक्षेप आहे तो निराळा, आणि तो आपल्यावरच आहे. एक परदेशी माणूस आपल्या डोंगरासाठी रानात राहून ताप ओढवून घेतो, आपल्याच गावचा एक तांबट त्याच्या खांद्याला खांदा लावून काम करतो, आणि दोनशे वर्षांनंतर यांतले एकही नाव आपल्या मुलांना ठाऊक नसते. इंग्रजाने चित्रे नेली हे खरे, पण आठवण ठेवू नका असे त्याने सांगितले नव्हते.

वेल्स-गंगारामांची वाट तेथेच खुंटली असेही नाही. १८७२ पासून जे. जे. कलाशाळेचे ग्रिफिथ्स आपले विद्यार्थी घेऊन अजिंठ्यास जात राहिले आणि तेथील भित्तिचित्रांच्या नकला त्या एतद्देशीय तरुणांनी केल्या. पुन्हा तेच दृश्य: डोंगराच्या पोटातला काळोख, इंग्रज गुरू आणि हिंदी हात. त्याच शाळेतून कोल्हापूरचे आबालाल रहिमान शिकून बाहेर पडले. १८८८ साली त्यांना व्हाइसरॉयचे सुवर्णपदक मिळाले. मुंबईत राहते तर पैसा मिळवते. पण ते कोल्हापूरला परतले आणि कोटीतीर्थाच्या तळ्याकाठी राहिले. तेच तळे, तीच झाडे आणि तोच संध्यामठ त्यांनी निरनिराळ्या वेळी पुनःपुन्हा रंगवला. शाहू छत्रपतींनी त्यांना आश्रय दिला. १९३१ साली त्यांचे निधन झाले तोवर त्यांच्या हातून अगणित चित्रे उतरली होती, आणि त्यांतली बहुसंख्य आज नाहीत. दूर देशाहून आलेला वेल्स आयुष्याच्या अखेरीस ज्या गोष्टीपाशी पोहोचला, तेथून आबालालांनी आरंभ केला असे म्हणता येईल. आपल्या दारचे पाणी हाच आपला विषय, हे त्यांना उमगले होते.

आता पुन्हा कान्हेरीकडे येऊ, कारण तेथे कल्याणकरांसाठी एक निरोप ठेवलेला आहे. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातील या डोंगरात शंभराहून अधिक लेणी आहेत. जवळजवळ प्रत्येक लेण्याशी पाण्याचे टाके आहे, बसावयास दगडी ओटा आहे. मोठ्या चैत्यगृहाच्या ओसरीत बुद्धाच्या दोन प्रचंड उभ्या मूर्ती आहेत. भिंतींवर ब्राह्मी लिपीत दानांचे लेख कोरलेले आहेत, आणि त्यांत कल्याणच्या दात्यांची नावे वारंवार येतात. त्या काळी कल्याण हे मोठे बंदर होते. ग्रीक खलाशांच्या वृत्तांतातही त्याचा उल्लेख आहे. दान करणारे सगळेच श्रेष्ठी नव्हते. स्वामिदत्त नावाच्या कल्याणच्या सोनाराने पाण्याचे टाके दिले. नंद नावाच्या कल्याणच्या लोहाराने वाट करून दिली.

लोहाराने वाट दिली! आम्ही हे प्रथम वाचले तेव्हा बराच वेळ त्या ओळीपाशी थांबलो होतो. ऐपतीप्रमाणे कोणी चैत्य देतो, कोणी टाके देतो. नंद लोहाराला चढण सोपी करून देण्याचे सुचले. त्या डोंगरावर आधी भिक्षू चढले, मग यात्रेकरू आणि व्यापारी. मध्ये काही शतके रान माजले. मग १७९३ च्या सुमारास कागदाची गुंडाळी, रंगाची पेटी आणि मापाची दोरी घेऊन एक स्कॉटिश माणूस आणि एक तांबट चढले. लोहाराच्या गावचे आपण, आपणच काय ते अजून चढावयाचे राहिलो आहोत.

म्हणून एक सूचना करून हे व्याख्यान पुरे करतो. येत्या पावसाळ्यानंतर, दिवाळीच्या सुटीत, ठाणे, डोंबिवली आणि कल्याण येथील शाळांनी आपल्या चित्रकलेच्या वर्गातील मुलांना एक दिवस कान्हेरीस न्यावे. बरोबर साधा कागद आणि पेन्सिल असली तरी पुरे. चैत्यगृहाच्या दारात बसवून त्यांना आधी घटकाभर नुसते पाहू द्यावे आणि मग काढू द्यावे. चित्रे वाईट येतील, त्याची चिंता नको. पत्र्यावर काढलेली वेल्सची पहिली चित्रेही काही फार चांगली नसावीत. परतताना शिक्षकांनी तीन नावे त्यांना सांगावीत: जेम्स वेल्स, गंगाराम तांबट आणि कल्याणचा नंद लोहार. तिन्ही नावे एकाच डोंगराशी बांधलेली आहेत, आणि तो डोंगर आपल्या येऊरच्या पलीकडे आहे.